बोडी, खाडी आणि कांचेची पेटी

सावली हें आमचें गांव चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व अंगास, मूलहून गडचिरोलीस जाणाऱ्या रस्त्यावर आहे. भोंवतीं धानाच्या बांध्या, त्यांच्या मधून मधून तलाव आणि बोड्या, पलीकडे जंगल, आणि पूर्वेस वैनगंगा. १९३६ सालीं गांधी सेवा संघाचें अधिवेशन येथें भरलें आणि महात्माजी त्यासाठीं आले, ही बाहेरच्या जगाला आमच्या गांवाची ओळख. समुद्राशीं आमचा संबंध काय तो मिठापुरता! अशा गांवच्या माणसानें समुद्रकांठच्या निसर्गकेंद्रावर लिहावें, याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु आमच्या घरीं जी एक चूक घडली, तिचा उलगडा मला झाला तो खाडीच्या कांठींच. आणि ती चूक पुष्कळ सुशिक्षित घरांतून आज घडत असावी अशी शंका आल्यामुळें हें लिहिण्यास प्रवृत्त झालों आहें.

आमचें घर एकत्र कुटुंबाचें. आजी, आम्ही दोघे भाऊ, वहिनी, आमची मंडळी आणि मुलें मिळून अकरा पानें वाढलीं जातात. चार वर्षांपूर्वीं माझ्या पुतणीच्या वाढदिवसास दादांनीं नागपुराहून एक कांचेची पेटी आणली. तींत लाल-सोनेरी रंगाचे चार मासे, आणि कांचेवरील शेवाळ चाटून साफ करणारा एक काळा, खरखरीत अंगाचा मासा. मुलांना आनंद झाला. आजीसुद्धां संध्याकाळचा जप आटोपला कीं पेटीपुढें येऊन बसे. लाल मासे वर्षभरांत एकामागून एक गेले; काळा तेवढा राहिला आणि पाहतां पाहतां वीतभर वाढला. पेटी त्यास पुरेना. मारणें तर आमच्या घरीं शक्यच नव्हतें. शेवटीं श्रावणांतल्या एका सोमवारीं मी मुलांना घेऊन गांवाबाहेरच्या बोडीवर गेलों आणि त्या माशाला पाण्यांत सोडून दिलें. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. आजी म्हणाली, "जीवाला मोकळें केलेंस, पुण्य लागेल." मलाही तसेंच वाटलें.

गेल्या वर्षीं उन्हाळ्यांत बोडीवर जाळें टाकणारे एक वृद्ध धीवर गृहस्थ आमच्या ओसरीवर आले. त्यांच्या हातांत फाटलेलें जाळें होतें आणि त्यांत अडकलेला एक काळा, कवचासारख्या अंगाचा मासा. "मास्तर, हा कोनचा मासा जी? आमच्या बोडीतला नाही हा. काट्यानं जाळं फाडते, कोनी खात नाही, इकतही नाही." मी मासा पाहिला आणि ओळखला. परंतु त्या क्षणीं तोंडांतून शब्द निघाला नाहीं. "पाहतों," येवढेंच म्हणालों. पुतणी माझ्याकडे पाहत होती. तीही कांहीं बोलली नाहीं.

त्यानंतर मीं थोडें वाचन केलें. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेंतल्या नद्यांचा. शोभेच्या माशांच्या व्यापारांतून तो जगभर पसरला आणि लोकांनीं पेट्यांतून सोडून दिल्यामुळें भारतांतील कित्येक नद्यांत व तलावांत आतां रुजला आहे. तो कांठाच्या मातींत बिळें करून अंडीं घालतो, त्यामुळें बांध पोखरला जातो. त्याच्या अंगावरील कठीण काटे जाळीं फाडतात. पाण्याबाहेर काढला तरी तो पुष्कळ वेळ तग धरतो. ज्याला मीं पुण्य म्हणत होतों, तें हें होतें.

यंदा नाताळच्या सुटींत धाकट्या मेव्हण्यांकडे ठाण्यास जाण्याचा योग आला. मुलांनीं समुद्र पाहण्याचा हट्ट धरला होता. चौपाटी झाली, आगबोटी पाहून झाल्या. मग मेव्हणे म्हणाले, "भाऊजी, समुद्र सगळेच दाखवतात; उद्यां तुम्हांला समुद्राचें अंगण दाखवतों." आणि दुसऱ्या दिवशीं ते आम्हांस ऐरोलीस घेऊन गेले.

ठाण्याच्या खाडीच्या कांठीं, ऐरोली येथें, महाराष्ट्र वनविभागाच्या कांदळवन कक्षानें किनारी व सागरी जैवविविधता केंद्र उभारलें आहे. हा कक्ष २०१२ सालीं स्थापन झाला. २००५ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें कांदळवनाची तोड थांबविण्याचा हुकूम दिला होता; तत्पूर्वीं हीं झाडें म्हणजे निरुपयोगी चिखलांतलें झुडूप, भराव घालून मोकळें करावयाचें, अशीच बहुतेकांची समजूत होती. २०१५ सालीं खाडीचा १६९० हेक्टरांचा पट्टा रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ सालीं ठाण्याच्या खाडीची गणना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत झाली. एका बाजूस गगनचुंबी इमारती, दुसऱ्या बाजूस कारखान्यांचीं धुराडीं, आणि मध्यें हें खारें रान, असा तेथील देखावा आहे.

केंद्रांत देवमाशाचा सांगाडा मांडलेला आहे. त्याच्या फासळ्यांजवळ उभें राहिल्यावर आमचा सात वर्षांचा चिरंजीव कितीतरी वेळ गप्प होता. एरवीं तो झोपेंतसुद्धां गप्प नसतो. पण मला अधिक आवडली ती कांदळवनांतून जाणारी लाकडी पायवाट. वर तिवराच्या फांद्यांचें छत, खालीं काळा चिखल, आणि त्या चिखलांतून वर आलेल्या बोटभर उंचीच्या हजारों टोकदार मुळ्या. जणूं कोणी पेन्सिली रोवून ठेविल्या आहेत. ह्या श्वासमुळ्या होत. चिखलांत हवा नसते. म्हणून झाडाला मुळ्यांच्या वाटेनें वरून श्वास घ्यावा लागतो. पान तोडूं न देतां पुतणीनें त्यावर बोट फिरविलें आणि जिभेला लावलें: खारट! समुद्राच्या पाण्यांतलें मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतो. कांदळाची तऱ्हा आणखी निराळी. त्याचें बीं फळ झाडावर असतांनाच रुजतें. हातभर लांब रोप आईच्या अंगावर वाढतें आणि मगच खालीं चिखलांत पडतें. भरती-ओहोटींत वाहून जाणाऱ्या जागीं लेकराला उघडें कसें टाकावें, हा प्रश्न त्या झाडानें असा सोडविला आहे. चिप्पी नांवाच्या तिसऱ्या झाडाचीं फुलें रात्रीं उमलतात आणि वटवाघळें त्यांतील मध प्यावयास येतात. पांढऱ्या चिप्पीला २०२० सालीं महाराष्ट्रानें राज्य कांदळवृक्षाचा मान दिला.

ओहोटी लागली होती. चिखलावर दोन-तीन बोटें लांबीचे मासे उड्या मारीत चालले होते. मासे, आणि जमिनीवर! डोळे डोक्यावर, पुढचे पर हातांसारखे टेंकलेले. ही निवटी. ती कल्ल्यांत पाणी सांठवून घेते, ओल्या कातडींतून हवा घेते आणि ओहोटीच्या वेळीं चिखलावर चरते. तिच्या शेजारीं लहान लहान खेकडे एक मोठी नांगी वर-खालीं हालवीत होते, जणूं कोणाला बोलावीत आहेत. ती मोठी नांगी नरालाच असते आणि तें बोलावणें मादीसाठीं असतें.

तेव्हां चिरंजीव मोठ्यानें म्हणाला, "बाबा, आपल्याकडे आहे का असा मासा, पाण्याबाहेर श्वास घेणारा?" मी 'नाहीं' म्हणणार, तोंच पुतणी म्हणाली, "आहे. मरळ." धीवरकाकांनीं तिला सांगितलें होतें कीं मरळ वर येऊन हवा घेते आणि पाणी आटत आलें कीं चिखलांत तग धरून राहते. मागाहून मीं पडताळून पाहिलें. पोरीचें बोलणें अक्षरशः खरें होतें. मरळीच्या डोक्यांत कल्ल्यांच्या वरच्या बाजूस हवा घेण्यासाठीं खास कप्पे असतात. पाण्यांतील प्राणवायु कमी झाला कीं ती पृष्ठभागीं येऊन श्वास घेते, आणि वर येऊं दिलें नाहीं तर पाण्यांतही गुदमरते. आपला देशी मांगूरही तसाच. मरळीचीं पिलें केशरी रंगाचीं असतात, घोळक्यानें फिरतात आणि आईबाप त्यांच्या खालून पहारा करतात. समुद्रकांठच्या चिखलानें निवटीला जें शिकविलें, तेंच आमच्या बोडीच्या चिखलानें मरळीला शिकविलें आहे. पाचशें कोसांवर जाऊन पाहिलेलें आश्चर्य आमच्या गांवाबाहेर अर्ध्या मैलावर होतें, आणि तें मला ठाऊक नव्हतें!

कां ठाऊक नव्हतें, याचा विचार मी त्या लाकडी पायवाटेवर उभा राहून करीत होतों. आमच्या घरीं मासा शिजत नाहीं. जो खातो त्याला माशाचें नांव, ऋतु, जागा सारें ठाऊक असतें. जो खात नाहीं त्याला मासा दिसतो तो कांचेच्या पेटींतला, आणि तोही परदेशचा. अहिंसेचा आम्हांस अभिमान आहे, आणि तो असावा. परंतु ज्याला आपण मारीत नाहीं, त्याची ओळखही करून घेत नाहीं, ही कसली दया? अशा अनोळखी दयेनेंच मीं तो काळा मासा बोडींत सोडला होता.

अशी चूक थोरांच्या हातूनही घडली आहे. जगांतील पहिलें सार्वजनिक मत्स्यालय १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत उघडलें. त्यामागें फिलिप हेन्री गॉस नांवाच्या निसर्गशास्त्रज्ञाचे परिश्रम होते. 'ॲक्वेरियम' हा शब्द रूढ झाला तो त्याच्याच ग्रंथामुळें. समुद्राच्या खडकांतील जीवांचीं त्याचीं वर्णनें वाचून घरोघर कांचेच्या पेट्या ठेवण्याची लाट इंग्लंडांत उसळली, आणि लोकांनीं टोपल्या घेऊन किनाऱ्यावरील खडक अक्षरशः ओरबाडून काढले. १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनांत त्याचे चिरंजीव एडमंड गॉस यांनीं नमूद केलें आहे कीं या नासाडीस आपण कारण झालों, याचें दुःख वडिलांना फार झालें. ज्यानें प्रेमानें दाखविलें, त्याच्याच दाखविण्यानें तें नाहींसें झालें!

आपल्याकडे १९०९ सालीं मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर मत्स्यालय उघडलें होतें. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय तर महाराष्ट्रांतील दोन-तीन पिढ्यांच्या आठवणींत आहे. २७ मे १९५१ रोजीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. एका पारशी दात्याची देणगी त्यास लाभली होती. विदर्भांतून मुंबईस गेलेलें प्रत्येक मूल मरीन ड्राइव्हवरची ती इमारत पाहून आलें असेल. २०१५ सालीं नवा साज चढवून तें पुन्हां खुलें झालें, परंतु इमारत जीर्ण झाल्यामुळें २०२२ सालीं बंद करावें लागलें. मीही लहानपणीं तेथें गेलों होतों. आठवतात ते दूरदेशींचे रंगीबेरंगी मासे. मुंबईच्या कोळ्यांच्या जाळ्यांत रोज येणारे मासे कोणते, हें मात्र आठवत नाहीं. त्यांत मत्स्यालयाचा दोष म्हणावा कीं माझ्या डोळ्यांचा, हें सांगतां येत नाहीं.

याच्या उलट अमेरिकेंतील मॉन्टेरे या गांवचें उदाहरण आहे. तेथील उपसागरांत एकेकाळीं सार्डिन मासे अमाप मिळत. ते डब्यांत भरण्याचे कारखाने ओळीनें उभे होते. मासेमारीचा अतिरेक झाला, मासे संपले, कारखाने बंद पडले. त्यांतल्याच एका ओसाड कारखान्याच्या जागीं १९८४ सालीं मत्स्यालय उघडलें, आणि त्यांत मुख्यत्वें दाखविलें तें काय? दाराबाहेरच्या त्याच उपसागरांतले जीव! पाण्याखालीं वाढणारें उंच समुद्रशेवाळाचें रान त्यांनीं कांचेमागें जिवंत वाढविलें. जें आपलें आहे आणि आपल्याच हातून जाऊं पाहत आहे, तें आधीं पाहावें, हा त्यांतला अर्थ. ऐरोलीच्या केंद्रांतही मला तोच अर्थ दिसला. देवमाशाचा सांगाडा पाहून मूल थक्क होतें खरें, पण तें शिकतें तें खिडकीबाहेरच्या चिखलाकडे पाहून.

दुपारीं भरती आल्यावर आम्ही नावेंतून खाडींत गेलों. दूरवर पाण्याच्या कडेला गुलाबी रेघ दिसत होती. नाव जवळ गेली तेव्हां त्या रेघेचे पक्षी झाले. रोहित पक्षी मान उलटी करून, चोंच पाण्यांत बुडवून, चाळणींतून गाळावें तसें अन्न गाळून घेतात. त्यांचा रंग जन्मजात नव्हे. पिलें करड्या रंगाचीं असतात. सूक्ष्म शेवाळ आणि तत्सम अन्नांतील रंगद्रव्यांनीं त्यांस ही गुलाबी छटा येते. म्हणजे खाडीच जणूं त्यांच्या पंखांवर चढते. आजी आमच्याबरोबर नव्हती. परत आल्यावर तिला हें सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "जसें अन्न तसा रंग. यांत नवल तें काय?"

घरीं आल्यावर मुलांनीं नकाशा काढला. सावलीच्या बोडीचें पाणी कोठें जातें, हें त्यांना शोधावयाचें होतें. ओढ्यांनीं तें वैनगंगेस मिळतें. वैनगंगा दक्षिणेस जाऊन चपराळ्यापाशीं वर्धेला मिळते आणि प्राणहिता हें नांव घेते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरींत शिरते. आणि गोदावरी आंध्र प्रदेशांत काकिनाड्याच्या अलीकडे-पलीकडे अनेक मुखांनीं पूर्वसमुद्रास मिळते. तेथें, गोदावरीच्या मुखापाशीं, कोरिंगाचें विस्तीर्ण कांदळवन आहे. १९७८ पासून तें अभयारण्य आहे. तेथेंही झाडांतून जाणारी लाकडी पायवाट केलेली आहे, आणि पाण्यांत उतरून मासे पकडणारी रानमांजरें त्या वनांत राहतात. "म्हणजे आपलाही समुद्र आहे!" चिरंजीव म्हणाला. होय, आपलाही समुद्र आहे. पंचवीस वर्षें मी मुलांना भूगोल शिकवीत आलों, पण हें वाक्य मला कधीं सुचलें नव्हतें.

हा संबंध केवळ पाण्याचा नव्हे. गोदावरीच्या खोऱ्यांत एक जातीचा लांबट मासा आहे. कोंकणांत त्यास अहीर म्हणतात. आपल्या नद्यांतली काटेरी पाठीची बाम ती निराळी. ती सारा जन्म गोड्या पाण्यांत काढते. अहीर मात्र जन्मतो समुद्रांत, पिलें नदीच्या प्रवाहाविरुद्ध चढून गोड्या पाण्यांत येतात, वर्षानुवर्षें तेथें वाढतात, आणि अंडीं घालण्यासाठीं पुन्हां समुद्राची वाट धरतात. गोदावरींतला मोठा झिंगाही तसाच: तो वाढतो नदींत, परंतु त्याच्या पिलांना जगावयाला मुखाजवळचें मचूळ पाणी लागतें. या वाटेवर १८५२ सालीं सर आर्थर कॉटन यांनीं धवळेश्वरमचा बंधारा पुरा केला. त्यानें गोदावरीचा त्रिभुज प्रदेश सुपीक झाला, दुष्काळ हटला, आणि आजही तेथील शेतकरी कॉटनसाहेबांच्या पुतळ्यास हार घालतात. त्यानंतर नदीवर आणि तिच्या उपनद्यांवर धरणें व बंधारे वाढत गेले. २०१९ सालीं मेडिगड्ड्याचा बंधारा झाला. आमच्या वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्द धरण उभें आहे. त्याच्या कालव्याचें पाणी आमच्याच तालुक्यांतील आसोलामेंढा तलावाकडे आणलें आहे, आणि त्यावर कित्येकांचें धान पिकतें. मी धरणांच्या विरुद्ध लिहीत नाहीं; आमच्या ताटांतला भातही त्याच पाण्याचा आहे. परंतु नदी अडविली म्हणजे पाण्याबरोबर आणखी कोणाची वाट अडते, हें निदान ठाऊक असावें.

आणि तलावांविषयीं तर आमची जबाबदारी अधिकच थेट आहे. गोंड राजांच्या आश्रयानें कोहळी लोकांनीं या प्रांतांत जे तलाव बांधले, ते मालगुजारांच्या हातीं राहिले; १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि कित्येकांचा गाळ तसाच सांचत राहिला. बेशरम वाढली, जुन्या पाणवनस्पति गेल्या, आणि त्यांच्या आश्रयानें अंडीं घालणारे देशी मासेही कमी झाले. शेजारच्या भंडारा-गोंदिया भागांत भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि तेथील धीवर मंडळी यांनीं मिळून तलावांतली बेशरम काढली, देशी पाणवनस्पति पुन्हां लावल्या, देशी मासे पुन्हां वाढविले. यासाठीं लागलें तें मुख्यतः धीवरांचें ज्ञान: कोणत्या वनस्पतीखालीं कोणता मासा राहतो, हें त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें, त्यांस कोणी विचारलें नव्हतें, इतकेंच.

म्हणून ठाण्याहून परतल्यावर मी पहिलें काम केलें तें हें कीं, पुतणीला घेऊन त्या वृद्ध धीवर गृहस्थांच्या घरीं गेलों आणि तो मासा मींच सोडला होता, असें सांगितलें. ते कांहीं वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मले वाटलंच होतं जी. गावात कांचेची पेटी तुमच्याच घरी." रागावले नाहींत; पण हंसलेही नाहींत. जाळ्याचे पैसे मीं देऊं केले. ते त्यांनीं घेतले, आणि घेतले याचें मला बरें वाटलें.

आतां दर रविवारीं मुलें त्यांच्याकडे जातात. एक वही केली आहे. तींत बोडींतल्या माशांचीं नांवें, ते केव्हां दिसतात, कोठें अंडीं घालतात, हें लिहून ठेवतात. वही निम्मी भरली आहे. गेल्या महिन्यांत शाळेंत एका दिवसापुरतें मत्स्यालय मांडलें: चार बरण्या, आणि त्यांत आमच्याच बोडींतले चार मासे. मरळीचें पिलूं वर येऊन हवा घेतें, हें पाहावयास सगळी शाळा लोटली होती. संध्याकाळीं बरण्यांतले मासे जेथून आणले तेथेंच, त्याच बोडींत, मोजून परत सोडले. आमच्या घरची कांचेची पेटी रिकामी आहे. आजीनें तींत तुळशीचीं रोपें लावलीं आहेत.

वाचकांच्या घरीं अशी पेटी असेल तर ती टाकून द्या, असें माझें म्हणणें नाहीं. मुलांचे डोळे तींतून उघडतात, हें मीं पाहिलें आहे. परंतु तींतला जीव नकोसा झाला तर तो नदींत, तलावांत, विहिरींत कोठेंही सोडूं नका; दुकानदारास परत करा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्यास द्या. आणि मुलांना मुंबईचा समुद्र दाखविण्यापूर्वीं गांवचें तळें एकदां दाखवा; आपल्याला दाखवितां येत नसेल, तर ज्याला येतें त्याच्या दारीं घेऊन जा.

राहिली आमच्या बोडीची गोष्ट. जाळ्यांत सांपडलेला तो काळा मासा मीं सोडलेलाच होता, कीं त्याची जोडी मिळून पुढची पिढी झाली, हें अद्यापि कळलेलें नाहीं. मीं एकच सोडला होता; पण दुसऱ्या कोणा घरानें दुसरा सोडला नसेल, असें कोणीं सांगावें? वैशाखांत बोडीचें पाणी उतरेल आणि बांधाचा कांठ उघडा पडेल. तेव्हां बांधाच्या मातींत बिळें आहेत कीं काय, हें धीवरकाका आणि आम्ही मिळून पाहणार आहोंत. मुलांनीं वहींत त्यासाठीं एक पान कोरें ठेवलें आहे.